घरचं नाक

पार्लरवाल्या ताईंच्या सासूबाईंचं नाक अख्ख्या वस्तीत प्रसिद्ध होतं. कुणाचं दूध करपलं, कुणाची फडकी ओली राहून कुबटली, कुणी आंघोळीला बुट्टी मारली, हे त्या जिना चढता चढता सांगायच्या. सून म्हणून ताईंना या नाकानं पुष्कळ वर्षं छळलं होतं. कांदा जरा जास्त परतला गेला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचाच, "लागलं गं!" ताईंचे यजमान लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्यामुळे आईंचं बोलणं एकट्या ताईंच्याच वाट्याला यायचं.

वस्तीच्या मागे, रुळांपलीकडे, जुने टायर तापवून त्यातून तेल काढणारा कारखाना होता. आधी लहान होता तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग नव्या भट्ट्या आल्या आणि वास सुरू झाला. जळक्या रबराचा, त्यात सडक्या अंड्याची झाक. आला की घशात जाऊन बसायचा. पोरं शाळेतून डोकं धरून घरी यायची, उन्हाळ्यातसुद्धा खिडक्या बंद ठेवाव्या लागायच्या. लोकांच्या अगदी नाकी नऊ आले.

तक्रार केली, तेव्हा प्रदूषण खात्याचे अधिकारी आले. पण आले ते भर दुपारी, वारा उलटा असताना. रस्त्यावर उभे राहिले, दोनदा हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मला तर काही येत नाही बुवा."

"साहेब, आत्ता नाहीये. पण येतो," ताई म्हणाल्या.

"मग येईल तेव्हा कळवा," असं म्हणून ते गाडीत बसले. कळवल्यावर ते यायला दोन दिवस लागायचे. वास काही त्यांच्यासाठी दोन दिवस थांबायचा नाही.

त्या आठवड्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई केसांना रंग लावायला आल्या. डोक्यावर रंग, गळ्याला टॉवेल अशा अवस्थेत त्यांनी हा सगळा प्रकार ऐकला.

"एका माणसाला वास आला, तर ती तक्रार," बाई म्हणाल्या. "पण दहा-वीस घरांतल्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, तोच वास त्याच वेळी टिपला, तर तो पुरावा. वास आला की लगेच फोनवर कळवायचं. किती उग्र, ते शून्य ते पाच. नसेल तर नाही म्हणून कळवायचं. तेही तितकंच महत्त्वाचं."

"आणि हे सगळं मांडायचं कुठे?"

बाईंनी आरशातून इकडेतिकडे पाहिलं. "ही भिंत रिकामी आहे की."

वस्तीचा मोठा नकाशा भिंतीवर चढला. खुणा करायला ताईंनी नेलपॉलिशच्या बाटल्या काढल्या. वास मंद असेल तर फिका गुलाबी ठिपका, डोकं उठवणारा असेल तर गडद लाल. बेकरीवाला, शिंपीकाका, शाळेची शिपाईणबाई, वरच्या मजल्यावरची बाळंतीण, असे बरेच जण तयार झाले. ताईंनी स्वतःला मात्र वगळलं. "माझ्या खोलीत दिवसभर रंगाचा घमघमाट. माझ्या नाकाचं काही खरं नाही. मी आपली ठिपके देते."

सासूबाईंना कुणी विचारायची गरजच पडली नाही. त्या पहिल्याच दिवशी पाच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी सकाळी पाच आणि संध्याकाळीही पाच. ताईंच्या घरावर एवढे लाल ठिपके साचले की खालचं घर दिसेनासं झालं.

या सगळ्यात एकच माणूस गप्प होता. ताईंचे धाकटे दीर. ते त्याच कारखान्यात पाळीप्रमुख होते आणि त्याच घरात राहायचे. एका संध्याकाळी ते पार्लरच्या दारात येऊन उभे राहिले. खुर्चीत कुणी नव्हतं.

"वहिनी, हे काय चालवलंय? उद्या कारखान्याला टाळं लागलं तर आम्ही काय करायचं? घरच्याच माणसानं माझ्या अन्नात माती कालवायची?"

"टाळं लावा असं कोण म्हणतंय, भाऊजी? नीट चालवा, एवढंच म्हणणं आहे."

"म्हणणं सोपं असतं." ते नकाशाकडे न बघताच निघून गेले. नंतर बरेच दिवस त्यांनी ताईंशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आईकडे मागायचे. ताईंना ते फार लागलं. लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर शाळेत जायचा. त्याला गणितं शिकवली होती त्यांनी.

बाईंनी महिनाभर ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, "आता आपलीच परीक्षा घ्यायला हवी. उद्या कारखानावाले हेच विचारतील, की तुमच्या नाकांवर भरवसा काय? त्यांनी विचारायच्या आत आपण तपासू."

रविवारी पार्लरमध्ये सगळे जमले. बाईंनी सारख्या दिसणाऱ्या बरण्या आणल्या होत्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा. एकीत व्हिनेगर, एकीत रॉकेल, एकीत जळक्या रबराचा अर्क, एकीत नुसतं पाणी. डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखायचं. बेकरीवाला एकदा अडखळला, पण बाकी बरोबर आला. शिपाईणबाईंनी तर धडाधड ओळखलं. मग सासूबाई पदर खोचून पुढे आल्या, जणू सामन्याचा निकाल आधीच लागलेला होता.

पहिली बरणी. "रबर!" ते व्हिनेगर होतं.

दुसरी बरणी. "रबर!" ते पाणी होतं.

तिसरीला त्यांनी बराच वेळ घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हेही... रबरच." ते रॉकेल होतं. ज्या बरणीत खरंच रबराचा अर्क होता, ती नाकाशी धरून त्या नुसत्याच बसून राहिल्या.

कुणी हसलं नाही. बेकरीवाल्यानं उगीचच पाव शिल्लक असल्याचं सांगून काढता पाय घेतला. एकेक करून सगळे गेले.

"आई," ताईंनी पट्टी सोडली, "कधीपासून?"

सासूबाई म्हणाल्या, "मागे तो ताप आला होता ना मोठा. त्यानंतर काही कळतच नाही बघ. ना साबणाचा, ना फुलाचा. बोलले नाही. सगळे म्हणायचे, आजीचं नाक, आजीचं नाक. माझ्याकडे दुसरं काय होतं गं?"

"मग मला रोज 'लागलं' म्हणून ओरडायचा ते?"

"अंदाजानं," सासूबाई म्हणाल्या. "चारातला एखादा बरोबर यायचाच."

ताईंना हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला. मग दोघींनी मिळून नकाशाकडे पाहिलं. सगळ्यात गडद ठिपके त्यांच्याच घरावर होते.

दुसऱ्या दिवशी ताई कापूस आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण घेऊन बसल्या. शिंपीकाका हळहळले. "अहो राहू द्या! तेवढेच तर डोळ्यांत भरतात. कारखाना काय खरं वागतोय आपल्याशी?"

"तो नाही वागत म्हणून तर आपण वागायचं," ताई म्हणाल्या. पुसायला लागल्यावर कागद तिथे गुलाबी झाला आणि मग फाटल्यासारखा खरबरीत झाला. नकाशा एकदम केविलवाणा दिसायला लागला.

सासूबाई तेव्हापासून खोलीबाहेर पडेनात. बाईंनीच त्यांना बाहेर काढलं. "आजी, वारा कुठून कुठे वाहतो ते टिपायला कुणी मिळत नाही. दिवसातून चार वेळा गच्चीवर जावं लागेल. सगळ्यांना कंटाळा येतो."

"मला नाही येत," सासूबाई चटकन म्हणाल्या. ताईंनी केसांना बांधायच्या लांब रिबिनी दिल्या. त्या गच्चीच्या चारी कोपऱ्यांवर फडफडू लागल्या. आता सासूबाई जिना चढताना वासाऐवजी वाऱ्याची बातमी द्यायच्या, आणि तितक्याच ठसक्यात द्यायच्या.

वारा मिळाला आणि नकाशा बोलायला लागला. उरलेले ठिपके थोडे होते, पण वारा रुळांकडून आला की ते एका रेषेत उमटायचे. तरी एक कोडं होतं. वारा तोच असला तरी एखाद्या दिवशी वास यायचा, एखाद्या दिवशी नाही.

एका दुपारी दीर पार्लरमध्ये आले. पुसलेल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. "हे आईचे होते ना? आईनं सांगितलं मला. तुम्ही स्वतःहून काढलेत?"

"चुकीचे होते, भाऊजी."

ते खुर्चीत बसले. उठून जातील असं ताईंना वाटलं, पण ते बसूनच राहिले. "धूर धुवायला एक टाकी आहे आमच्याकडे. तिचा पंप जुना आहे. दोन भट्ट्या एकदम चालल्या की तो दम टाकतो. मग बंद करून ठेवतात. मी वर सांगितलंय, दोनदा. कुणी ऐकत नाही." त्यांनी मान वर केली. "वहिनी, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं तर?"

"नोकरीचा विचार करा आधी."

"तोच करतोय. असा चालला तर कारखाना टिकणार नाही."

नकाशासकट पुन्हा तक्रार गेली, तेव्हा खात्यानं सुनावणी ठेवली ती नगरपालिकेच्या सभागृहात. कारखान्याचे व्यवस्थापक छान बोलले. शेवटी हसून म्हणाले, "साहेब, हवा मोजणाऱ्या आमच्या यंत्रांचे आकडे एकीकडे आणि यांची नाकं एकीकडे. कुणाच्या नाकावर भरवसा ठेवायचा आपण?"

बाई उत्तर द्यायला उठणार, तोच मागच्या रांगेतून आवाज आला. "माझ्या तर ठेवूच नका!" सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "मला वास येत नाही. माझ्या सुनेनं भर वस्तीत माझं नाक कापलं आणि माझे सगळे ठिपके पुसून टाकले. घरचं नाक सोडलं नाही तिनं! आता उरलीत ती पारखून घेतलेली आहेत. तुमची यंत्रं अशी कधी पारखलीत का, तेवढं सांगा."

सभागृहात हशा पिकला. व्यवस्थापकांनाही हसावं लागलं. मग दीर उठले आणि त्यांनी पंपाचं सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "वारा रुळांकडून असेल आणि दोन्ही भट्ट्या चालू असतील, त्या दिवशी मला फोन करा. मी थेट येतो."

दोन्ही भट्ट्या चालू असल्याचं दिरांनी कळवलं, रिबिनींनी वारा रुळांकडून दाखवला, आणि फोन सासूबाईंनीच केला. अधिकारी आले, गाडीतून उतरले आणि लगेच रुमाल नाकाला लावला. यावेळी त्यांनी काही हुंगून पाहिलं नाही. सरळ कारखान्यात गेले. पंप बंद होता.

कारखान्याला टाळं लागलं नाही. एक भट्टी थांबवली गेली आणि नवा पंप बसेपर्यंत ती थांबलेलीच राहिली. दिरांना काही महिने कोपऱ्यातल्या कामावर टाकलं होतं. पुढे नव्या पंपाची देखभाल कळणारा माणूस हवाच होता, तेव्हा त्यांनाच बोलावलं. वास पार गेला असं नाही. कधीमधी अजून येतो. पण आला की कुणाला फोन करायचा ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि फोन उचलला जातो.

मध्यंतरी कालव्यापलीकडच्या बायका पार्लरमध्ये आल्या. त्यांच्याकडे पाण्यावर पांढरा फेस येत होता आणि कपडे रंगवणारे कारखानदार कानांवर हात ठेवत होते. सुरुवात कशी करायची, असं त्या विचारत होत्या. ताईंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. बाईंना निरोप धाडला.

"फेस कधी येतो?" सासूबाईंनी विचारलं.

"नेहमीच येतो हो," त्यातली एक म्हणाली.

"नेहमीच, असं मीसुद्धा म्हणायचे," सासूबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. "नीट आठवून सांग, बाळ. काल सकाळी होता का?"