शेपटाचा निळा रंग

पोरीने महिनाभर डोळे फोडून कॉम्प्युटरवरच्या विमानांच्या खेळासाठी एक जुनं लढाऊ विमान रंगवलं. तिच्या बापाने तरुणपणी, लढाईत, ज्याची देखभाल केली तेच. हाताशी होता फक्त एक काळा-पांढरा फोटो. बाबा आपलं विमान ओळखतील का, एवढाच तिच्या जिवाला घोर.

म्हाताऱ्याने चष्मा पुसून बघितलं. "कुणाचं गं हे?"

"अहो बाबा, तुमचंच! नंबर बघा की!"

"नंबर बरोबर आहे. पण शेपूट हिरवं कसं? हिरवा रंग संपला म्हणून मी ट्रकचा निळा फासला होता. साहेबाने काय झापलं मला!"

फोटोत दोन्ही रंग करडेच, तिला बिचारीला कसं कळणार? तिने शेपूट निळं केलं आणि खेळात विमान उडवलं.

म्हातारा खुर्चीसकट पुढे सरकला. "हां, हे माझं! जपून उतरव हं, डाव्या चाकाचा ब्रेक धरत नाही."