डाव्या चाकाची कडी

गोरक्षने जॅकचा दांडा आणखी दोनदा दाबला आणि पिकअपचं उजवं पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं. चाकाला हाताने एक गिरकी देऊन त्याने कान लावला. बेअरिंगचा आवाज नव्हता. गॅरेजच्या दारातल्या जुन्या टायरवर बसून गाडीचा मालक टोपीने वारा घेत होता.

मालक म्हणजे बिभीषण. गाव त्याला तात्या म्हणायचं, पूर्वी गोरक्षही म्हणायचा. सहा वर्षांत या माणसाने गॅरेजच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर गोरक्षने त्याला पान्ह्यानेच हाणला असता, हे घोडेगावच्या फाट्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आज मात्र सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली, बिभीषण खाली उतरला, हातातला खोका त्याने पुढे केला आणि गोरक्षच्या तोंडून निघून गेलं, "लावा आत."

"नगरवरनं नवं हब आनल्यात," बिभीषण म्हणाला होता. "जुन्यांच्या चकत्या पार गंजून बसल्या. ह्ये काम पंचक्रोशीत तुज्याबिगर कुनाला जमत न्हाई."

ते खरंच होतं. या फोर बाय फोर गाडीची पुढची चाकं एरवी नुसती घरंगळतात, ओढायचं काम मागची दोन करतात. चिखल लागला की ड्रायव्हरने खाली उतरायचं, दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध असलेली वाटीएवढी चकती फिरवायची, मग आत बसून गिअरचा छोटा दांडा ओढायचा. चकती फिरली की चाक एक्सलला धरतं आणि चारही चाकं गाडी ओढतात. ती चकती म्हणजे लॉकिंग हब. दोन्हीतल्या एकाने जरी धरलं नाही तरी पुढची दोन्ही चाकं फुकट. असली कामं नेवासा-शेवगावच्या पट्ट्यात एकटा गोरक्ष करायचा, आणि या गाडीचे जुने हबही त्यानेच बसवलेले होते.

"आता कशाला पायजेत हब?" त्याने मान वर न करता विचारलं. "गाडी तर तुमी डांबरावरच फिरवता."

"सून दिवसातली हाय. श्रावनात बाळंत हुईल. वस्तीचा रस्ता तुला म्हाईतच हाय, पाऊस पडला का मानूस निघत न्हाई." बिभीषणने टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्या टायमाला गाडी निघाली पायजे."

गोरक्षच्या हातातला पान्हा नटावरून सटकला. सून! आणि श्रावणात! देवाने माणसाची चेष्टा करावी तर किती करावी. त्याने नट पुन्हा धरला आणि असा पिळला की बोल्ट किंचाळला.

त्याच्या बायकोला, पुष्पावतीला, पान लागलं तेही सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणातच. कपाशीत खुरपताना नाग चावला तिला. दुपारचे तीन वाजलेले, तीन दिवसांच्या झडीने काळ्या रानाचं लोणी झालेलं. गोरक्ष धावत बिभीषणच्या वस्तीवर गेला होता, कारण त्या चिखलातून निघेल अशी एकच गाडी त्या भागात होती. बिभीषण लगेच आला, हे खरं. पुष्पावतीला मागे घोंगडीवर घातली, गाडी ओढ्यापर्यंत आली. ओढ्याच्या चढाला बिभीषण खाली उतरला, दोन्ही हब फिरवले, गाडीत बसला, दोनदा चढवायचा प्रयत्न केला. मागची चाकं चिखल उडवत नुसती फिरत राहिली. मग त्याने गाडी मागे घेतली आणि म्हणाला, न्हाई चढत, बैलगाडी जुपू. बैलगाडी नेवाशाला पोचायच्या आधीच पुष्पावती गेली.

तिसऱ्या दिवशी सगळ्या भावकीसमोर गोरक्ष ओरडला होता, "माज्या हातानी बसवल्यात हब! ती गाडी भिताडावर चढंल! ह्यानं मुद्दाम न्हेली न्हाई. नव्या गाडीचा पत्रा चेपंल म्हून भ्याला. ह्यानं मारली माजी बायको!" आणि बिभीषण, सहा फुटी धिप्पाड गडी, खाली मान घालून ऐकून घेत बसला होता. खोटं असतं तर बोलला नसता का? गावानेही तेच धरलं. गोरक्षची लेक रेश्मा तेव्हापासून माहेरी आली की बिभीषणच्या घरावरून जाताना पदर तोंडावर ओढून थुंकायची. गोरक्षने तिला कधी अडवलं नाही. उलट त्याला बरं वाटायचं.

आणि आज हा म्हणतो, त्या टायमाला गाडी निघाली पायजे.

उजव्या बाजूचा जुना हब निघाला. खाली सांध्यातून ग्रीस गळू नये म्हणून बसवतात ते काळं गॅस्केट, दुकानातलं. गोरक्षने सगळं डिझेलने धुतलं, एक्सलचं टोक पुसलं. त्या टोकाला बारीक खाच असते आणि खाचेत बांगडीसारखी स्टीलची एक कडी बसते. कडी लहानच, पण तीच एक्सलला जागेवर धरून ठेवते. ती नसली तर एक्सल हळूहळू आत सरकतो आणि हबाचे दात त्याला धरतच नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, चकती तशीच फिरते, गाडी डांबरावर तशीच पळते. कळतं ते थेट चिखलात.

नव्या खोक्यात दोन कड्या होत्या. एक त्याने उजवीकडे बसवली, नीट, पक्कडीने ताणून. दुसरी उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

सहा वर्षं रोज अंथरुणावर पाठ टेकली की तो मनातल्या मनात या माणसाचं काय काय करत आला होता. कधी त्याला विहिरीत ढकलायचा, कधी त्याची गंजी पेटवायचा. आणि आता किती सोपं! एक कडी, बस्स. ओढ्याच्या चढाला बिभीषण खाली उतरेल, चकत्या फिरवेल, मागे सून कण्हत असेल, आणि चाकं जागच्या जागी फिरतील. तेव्हा त्याला कळेल. पोटातल्या पोराचा यात काय दोष, असं एकदा मनात आलं. गोरक्षने तो विचार तिथेच दाबला. पुष्पाचा तरी काय दोष होता?

"च्या सांगू का?" बिभीषणने विचारलं.

"तुमी घ्या."

बिभीषणने समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला. गोरक्षचा ग्लास बाकावर तसाच राहिला, त्याच्यावर साय धरली. उजवा नवा हब बसवून, चाक खाली टेकवून त्याने जॅक डावीकडे नेला.

"गोरक्ष," बिभीषण मागून म्हणाला, "एक इचारायचं हुतं. लई दिसापासनं."

गोरक्ष बोल्ट काढत राहिला.

"डाव्या अंगाची चकती पुरी फिरली न्हाई, आर्ध्यातच ऱ्हायली, तर काय हुतं?"

"पुढची चाकं वढत न्हाईत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"हां." बिभीषणने ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "मला तसंच वाटायचं. त्या दिशी माजं हात कापत हुते. वैनी मागं कन्हत हुती. मी फिरवली खरी, पन पुरी फिरवली का न्हाई, आज बी शपथंवर सांगता यायचं न्हाई. तू समद्यांपुढं बोलला तवा म्हनलं, आपल्याच हातनं झालंय, काय बोलावं? त्या दिसापासनं मी गाडी चिखलात घातलीच न्हाई. त्या चकतीला हातच लावू वाटंना."

म्हणजे कबूल आहे! हलगर्जीपणा केला आणि वर सहा वर्षांनी चहा पीत सांगतोय! गोरक्षने खिशावरून हात फिरवून कडी चाचपली. आहे. त्याने शेवटचा बोल्ट काढला आणि गंजलेला हब हातोडीच्या दोन टोल्यांनी मोकळा केला.

आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. सहा वर्षांत इथे कुणाचा हात लागलेला नव्हता. त्याने बोटाने ग्रीस खरवडलं आणि जुनी कडी काढायला पक्कड पुढे नेली. पक्कड रिकामीच मिटली. त्याने चिंधीने एक्सलचं टोक पुसलं. टोक आत सरकलेलं होतं. खाच कोरीच होती.

कडी नव्हती.

पडली असेल म्हणून त्याने हबाच्या वाटीत बोट घातलं, सगळं ग्रीस कागदावर काढून चाळलं. कडी नाही, तुकडा नाही. कडी तुटली असती तर खाचेच्या काठाला ओरखडे दिसले असते. काठ कारखान्यातून आल्यासारखे गुळगुळीत होते. इथे कडी कधी बसलेलीच नव्हती.

कुठल्या भडव्याने केलं हे, असं म्हणत त्याने हबाला चिकटलेलं गॅस्केट नखाने सोडवलं. ते काळं नव्हतं. जाड, गुळगुळीत कागद, कात्रीने गोल कापलेला. त्याने तो डिझेलमध्ये बुडवून अंगठ्याने पुसला. लाल रंग वर आला. मग सोनेरी रेघ. मग अक्षरं: सौ. कां. रेश्.

गोरक्ष उकिडवा होता तो खाली बसला.

त्याच वर्षीचा वैशाख होता. रेश्माच्या लग्नाला चार दिवस राहिलेले. बिभीषण नवी गाडी घेऊन आला होता, म्हणाला, लग्नाची गडबड हाय, सवडीनं कर. गोरक्षला सवड कुठली? आजच देतो म्हणाला. डावीकडचं गॅस्केट बसवताना फाटलं. बाकावर उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता, त्यातली एक उचलून त्याने कात्री चालवली. एवढ्यात दारातून पुष्पावती हाक मारत आली, "आवो, मांडववाले आल्यात, खड्डं कुठं घ्यायचं इचारत्यात." तो हात पुसत उठला. परत आला तेव्हा हब समोर होता, गॅस्केट तयार होतं. त्याने बोल्ट आवळले.

माझ्या हातांनी बसवलेत हब. ती गाडी भिंतीवर चढेल.

"काय झालं रं?" बिभीषण उठून जवळ आला. "कायी मोडलंय का?"

बोललं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. नवी कडी घालायची, नवा हब बसवायचा, हा कागद ग्रीसच्या डब्यात दडपायचा. हा माणूस सहा वर्षं जे वाहत आला ते मरेपर्यंत वाहील, आणि त्याचं त्याला काही वाटणारही नाही, सवय झाली आहे. गोरक्ष कागदाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातली कडी काढली, खाचेत बसवली, पक्कडीने दोनदा ओढून पाहिली. कडी हलली नाही.

"तात्या," तो म्हणाला.

सहा वर्षांनी ती हाक ऐकून बिभीषण जागीच थबकला.

"ह्ये वाचा."

बिभीषणने कागद डोळ्यांपासून लांब धरला. "रेश्माच्या लग्नाची पत्रिका? ही हितं कशी?"

"मी घातली हुती. डाव्या हबात. आन् कडी घालायची ईसरलो."

"म्हंजी?"

"म्हंजी तुमी चकती पुरी फिरवली हुती, तात्या." गोरक्षने नव्या कडीवर बोट ठेवलं. "धा जनांनी फिरवली आसती तरी गाडी चढनार न्हवती. पुष्पा माज्याच हातानी गेली."

बिभीषण हळूच गोरक्षशेजारी जमिनीवर बसला, ग्रीसच्या डागांतच, पांढऱ्या धोतरासकट. त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि आपल्या खिशात ठेवू लागला.

"रेश्माला सांगू नगं," तो म्हणाला. "एक बापच ऱ्हायलाय तिला. माज्यावर हाय ते ऱ्हाऊ दे. मला आता जड न्हाई."

गोरक्षने हात पुढे करून तो कागद परत घेतला. हातांचं ग्रीस त्याने चिंधीला पुसलं, नीट निघालं नाही. तसाच तो उठला, फळीवरचा मोबाईल काढला आणि नंबर लावला. तीन वेळा वाजल्यावर पलीकडून लेकीचा आवाज आला, "बोला, नाना."

"रेश्मा, कामात हायेस का?" तो म्हणाला. "बस जरा. तात्या आल्यात हितं. त्यांच्याम्होरं तुला एक सांगायचंय."