मोठ्या चौकटीतला फोटो

‘‘साईट कशाची, असं विचारतंय. यात सलून आहे, हॉटेल आहे, दातांचा दवाखाना आहे, योगाचा क्लास आहे. तुम्ही कशात बसता?’’ बायकोने चष्मा वर सरकवत विचारलं.

मास्तरांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. ‘‘‘इतर’ नाही का त्यात?’’

‘‘आहे. अगदी खाली.’’

‘‘मग टाक त्यातच. आयुष्यभर तिथेच तर बसलोय.’’

मास्तर व्हायोलिन वाजवत. कुणीतरी एकदा मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं, शिकवलं त्यांनी कधी कुणाला नाही. सगळी हयात ताईंच्या साथीला गेली. ताई गायच्या आणि मास्तर शेजारी बसून त्यांच्या मागोमाग जायचे. गेल्या वर्षी ताई वारल्या आणि मास्तरांचा फोन वाजायचाच थांबला. कुणी मुद्दाम टाळलं असं नव्हे. लोक ताईंना बोलवायचे, ताईंबरोबर मास्तर यायचे. ताईच नाहीत म्हटल्यावर मास्तरांना कोण बोलावणार? व्हायोलिनची पेटी कपाटावर चढली ती खाली आलीच नाही.

आणि आज सकाळी एका सभागृहाच्या नव्या व्यवस्थापिकेचा फोन आला. एकटे वाजवाल का? वाजवत असाल तर संध्याकाळपर्यंत तुमच्या साईटची लिंक पाठवा, बघून ठरवू. मास्तर ‘‘पाठवतो की’’ म्हणून मोकळे झाले आणि फोन ठेवल्यावर बायकोला विचारते झाले, ‘‘अगं, आपली साईट आहे का?’’

बायकोने कपाळावर हात मारला. पण पेटी खाली यायची तर ही एकच संधी, हे तिलाही कळत होतं. तिने तिघांना फोन केले. तिघांनी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर सांगितली आणि तिघांनीही शपथेवर सांगितलं, अगदी सोप्पं आहे!

पहिल्या सॉफ्टवेअरने ‘इतर’ निवडल्याबरोबर मास्तरांचं दुकान मांडलं. त्यांच्या नावाखाली ‘पिशवीत टाका’ असं लाल बटण आलं, ते काही केल्या जाईना.

‘‘म्हणजे लोक मला पिशवीत घालून नेणार?’’

‘‘नेऊ देत. घर तरी आवरेल.’’

दुसऱ्याने पोलिसांसारखी चौकशी सुरू केली. डोमेन कुठलं, प्लॅन कुठला, मेनू आडवा हवा की उभा. मास्तर प्रत्येक प्रश्नाला ‘‘तुला काय वाटतं?’’ म्हणत बायकोकडे बघत. शेवटी ती वैतागली. ‘‘मला काय वाटायचंय? साईट माझी आहे का?’’

तिसऱ्यात मात्र पान तयारच होतं. वर भली मोठी चौकट आणि त्यात कुणी अनोळखी गिटारवाला दात काढून हसत होता. त्याला काढायचं, आपला फोटो लावायचा, संपलं.

‘‘याला उठवायचं?’’ मास्तर घुटमळले.

‘‘अहो, तो नमुन्याचा आहे!’’

‘‘असेल. पण बसलाय बिचारा.’’

बायकोनेच त्याला उडवलं. आता प्रश्न आला फोटोचा. मास्तरांचे फोटो ढीगभर, पण एकही एकट्याचा नाही. मधे ताई, कडेला मास्तर. बायकोने एक फोटो कापून बघितला, तर मास्तरांच्या डोक्यावर ताईंचा उंचावलेला हात तेवढा राहिला. मग तिने खोलीत मधोमध खुर्ची ठेवली, पेटी उतरवली, मास्तरांना व्हायोलिन धरून बसवलं आणि मोबाइलवर फोटो काढले. एकात मास्तर समोर बघतील तर शपथ! प्रत्येक फोटोत ते खुर्चीच्या कडेला सरकून शेजारी बघत होते. शेजारी कपाट होतं.

‘‘समोर बघा ना!’’

‘‘समोर बघितलं तर पुढचा सूर कुठला हे कळणार कसं?’’

बायकोने पुन्हा तो कापलेला जुना फोटोच पुढे घेतला. ‘‘हा हात जरा पुसते, म्हणजे भागेल.’’

‘‘नको,’’ मास्तर एकदम म्हणाले. ‘‘त्यांना पुसून मी त्या मोठ्या चौकटीत बसू? मला नाही जमायचं ते. अख्खा फोटो लाव.’’

‘‘त्यांनी कधी दिली होती तुम्हाला मोठी चौकट?’’

‘‘मी तरी कधी मागितली?’’

अख्खा फोटो लागला. खाली ताईंच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग लागलं, कारण दुसरं नव्हतंच. लिंक गेली. मग बायकोने साईट मोबाइलवर उघडली आणि ओरडली, ‘‘अहो, तुम्ही गेलात की!’’ अरुंद पडद्यावर मावावा म्हणून सॉफ्टवेअरने फोटो आपणहून दोन्ही बाजूंनी छाटला होता. मास्तरांच्या साईटवर एकट्या ताई बसल्या होत्या.

तो परत कसा रुंद करायचा, या नादात दोघांनी इतकी बटणं दाबली की गिटारवाला परत आला. तेवढ्यात फोन वाजला.

‘‘साईट बघितली,’’ व्यवस्थापिका म्हणाली. ‘‘मला जरा गोंधळायला झालं. तुम्ही त्यात कुठे आहात?’’

‘‘कडेला होतो. कापलो गेलो,’’ मास्तर म्हणाले. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

‘‘रेकॉर्डिंगही ऐकलं. त्यात एका जागी बाईंना खोकला येतो, त्या थांबतात आणि तुम्ही एकटेच वाजवत राहता, बराच वेळ. ते तुम्हीच ना?’’

‘‘हो. त्या पाणी पीत होत्या, तोवर आपलं…’’

‘‘मला तेच हवंय. पूर्ण कार्यक्रमभर. येत्या शनिवारी जमेल?’’

बायको समोरून मान हलवत होती, हो म्हणा, हो म्हणा. मास्तरांचा चेहरा उजळला.

‘‘वा, वा! जमेल की. म्हणजे… ताईंना विचारून लगेच सांगतो.’’

बायकोची मान थांबली.

‘‘कोणाला?’’ व्यवस्थापिकेने फोनवरून विचारलं.

तारीख आली की हे वाक्य मास्तरांच्या तोंडातून आपोआप यायचं, इतक्या वर्षांत दुसरं कधी लागलंच नव्हतं. ते उभे होते ते खुर्चीत बसले.

‘‘कोणाला नाही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘येतो मी.’’

‘‘मग शनिवारी भेटू,’’ म्हणून पलीकडून फोन बंद झाला. त्यांनी तो तसाच कानाला धरून ठेवला होता. बायकोने जवळ येऊन त्यांच्या हातातून काढून घेतला.