नर्मदावहिनींच्या हाताचा जोर

मी एक जुना हातपंप आहे, मित्रांनो. दुबईतल्या अल कुसैसच्या एका वर्कशॉपमध्ये पाण्याच्या टाकीवर बसवलेला नमुना. आफ्रिकेतल्या गावांच्या विहिरींसाठी इथे पंप बनत, आणि प्रत्येक पंप आधी माझ्याशी ताडून पाहिला जाई. मी स्वतः कुठेच गेलो नाही. पण माझी भावंडं किती तहानलेल्या गावांत उभी आहेत!

आमचे नट बाबाजी आवळत. ते संगमेश्वरचे फिटर. पान्याला हातभर नळी लावून असे आवळत की सगळे म्हणत, हा नट आता देवालाही सुटायचा नाही. मला त्याचा मोठा अभिमान होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात विहिरी खणणारे याकूबभाई परतले. नायजरमधल्या एका गावात पंप दोन महिने बंद असल्याचं त्यांनी सांगितलं. आतला वायसर झिजला होता. नवा वायसर होता, पाना होता, तो बदलायचं बायकांना शिकवलंही होतं. पण नटच हलेना. बायका पुन्हा डबक्याचं पाणी भरू लागल्या, पोरं आजारी पडली. आणि इकडे तसेच आवळलेले तीस पंप दुसऱ्या दिवशी जहाजावर चढायचे होते.

बाबाजींना ते लागलं. ढिलं काम माझ्या हातून होणार नाही, म्हणाले.

तेवढ्यात कामगारांचे डबे घेऊन नर्मदावहिनी आल्या. याकूबभाईंनी त्यांच्या हाती पाना दिला. वहिनींनी पदर खोचून माझ्या नटावर जोर लावला. नट जागचा हलला नाही. मित्रांनो, मला माझ्या घट्टपणाची प्रथमच लाज वाटली.

बाबाजी हसले. "वहिनी, आज सोमवार. उपासाच्या अंगाने नट कसा निघायचा?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "तिथल्या बायका रोज पोटभर जेवून पाण्याला येतात का हो, बाबाजी?"

बाबाजींनी नळी लावून माझे आणि तीसही पंपांचे नट सोडवले, मग नळी बाजूला ठेवली. वहिनींनी माझा एक नट आवळून दाखवला. बाबाजींनी तेवढाच जोर सगळ्यांना लावला. हलून सुटू नये म्हणून प्रत्येकावर दुसरा नट बसवला, तोही त्याच जोराने. वहिनींना उपास सोडायला फार उशीर झाला.

वर्षभराने याकूबभाईंनी खबर आणली. जुलेखा नावाच्या बाईने, पाठीला मूल बांधलेलं असताना, त्या तिसांतला एक पंप उघडून वायसर बदलला. आधणाला उकळी यावी एवढ्या वेळात पाणी आलं. बाबाजींनी ते दोनदा सांगायला लावलं.

आता नवी यंत्रं आली आहेत. माझ्यावर धूळ बसते, तरी मी ताठ उभा आहे. मित्रांनो, गळका नळ वेळीच नीट करा. आणि कुणाला काही द्याल, तर ते बिघडल्यावर त्याला स्वतः दुरुस्त करता येईल असं द्या. नाहीतर दिलेलं पाणी आपल्याच मुठीत राहतं.