दुर्गाबाईंच्या अंगणातला भोकांचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. माझ्या अंगभर हरभऱ्याएवढी भोकं आहेत, एकाशेजारी एक, रांगेनं. १९६८ साली पिंपरीच्या एका कारखान्यात मला प्रेसखाली घातलं. पंच, म्हणजे भोकं पाडणारा पोलादी दांडा, धाडकन खाली येई आणि दर वेळी माझ्यातून एक चकती निघून जाई. चकत्या पेट्यांत भरल्या आणि यंत्रांत बसायला गेल्या. मी उरलो. माझं नाव पडलं भंगार.

प्रेस चालवणारे ज्योतीराम उस्मानाबादकडचे. साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी मला सायकलला आडवं बांधलं आणि ढकलत ढकलत भोसरीला, दिघीच्या रस्त्यालगतच्या आपल्या खोलीवर आणलं. अंगणाच्या पश्चिमेला दोन लाकडी बल्ल्या रोवून मला उभं केलं. रस्त्यावरून घर दिसू नये, एवढंच माझं काम.

दुपारी ऊन माझ्या पाठीवर आलं आणि झाडून ठेवलेल्या अंगणात उजेडाचे शेकडो ठिपके पडले. ज्योतीरामांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, हातातला खराटा तसाच धरून ते पाहिले. मग रांगोळीचा डबा आणला आणि त्या ठिपक्यांवर ठिपके ठेवू लागल्या. पण ऊन थांबतंय कुठे? ओळ पुरी होईपर्यंत पहिला ठिपका बोटभर सरकलेला! त्यांनी सरकलेला ठिपकाही जोडून घेतला. तशी वळणदार रांगोळी आळीत कुणालाच येत नव्हती.

एक कोडं मात्र त्यांना सुटत नव्हतं. पंच बोथट झाला तेव्हा माझ्या वरच्या कडेचं एक भोक तिरपं फाटलं होतं.

"अवो, ह्ये भोक तर तिकोनी हाय. मग त्याचा उजेड बाकीच्यांवानी गोल कसा?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठावं? मी भोकं पाडतो, उजेड न्हाई," ज्योतीराम म्हणाले.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या चारुलताबाई त्या रस्त्यानं येत-जात. एकदा त्या फाटकाशी थबकल्या आणि दुसऱ्या दिवशी आठ-दहा मुलं घेऊन आल्या. "कागद उन्हात ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि जे पडेल ते काढा." मुलांनी माझ्या उजेडातून मासे काढले, मोर काढले. त्या दिवशी मला कुणी भंगार म्हटलं नाही.

वर्षं गेली. मला गंज चढला. १९८० च्या फेब्रुवारीत ज्योतीरामांनी विटा आणून टाकल्या.

"रविवारी भिवा गवंडी येतोय. पक्की भिंत घालू. पत्रा भंगारवाल्याला दिऊन टाक."

"ऱ्हाऊ द्या की त्येला."

"बारा वर्सं झाली पत्र्याआड ऱ्हाऊन, दुर्गे. पाहुणेरावळे येत्यात. लाज वाटती."

ज्योतीरामांचंही खोटं नव्हतं. मी दिवस मोजू लागलो.

आदल्या दिवशी, शनिवारी, सूर्यग्रहण होतं. दुपारीच आळीतली दारं लागली. रस्त्यावर कुत्रंही दिसेना. ऊन हळूहळू फिकं पडत गेलं. तेवढ्यात दुर्गाबाईंचं दार किलकिलं झालं. त्यांची नजर जमिनीवर गेली आणि त्या तशाच बाहेर आल्या, सूर्याकडे पाठ करून.

शेजारच्या सुभद्राबाई खिडकीतून ओरडल्या, "दुर्गे, आत हो! गिरान लागलंय!"

"वर बघत न्हाई म्या. भुईकडं बघतीया!"

माझ्या भोकांतून उजेडाच्या कोरी पडल्या होत्या. बारीक, वाकड्या, शेकडो चंद्रकोरी, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. तिकोनी भोकाचीही कोरच. माझी भोकं तर होती तशीच होती. मीही चकित झालो.

दुर्गाबाई पुटपुटल्या, "भोकाचा आकार न्हाई ह्यो. सूर्याचा हाय! आजवर सूर्यच अंगणात पडत हुता." त्या दाराकडे वळून ओरडल्या. "अवो, डबा आणा! लवकर!"

दार पुन्हा वाजलं. ज्योतीराम उंबऱ्यात क्षणभर अडखळले. मग डबा घेऊन आले, बायकोशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही चिमटीत रांगोळी घेतली. कोरी फुगत होत्या, सरकत होत्या. दोघं एकेक गिरवत गेले, त्या पुन्हा गोल होईपर्यंत.

ग्रहण सुटल्यावर आळी लोटली. सुभद्राबाई सगळ्यात पुढे. चारुलताबाईंना कुणीतरी बोलावून आणलं. त्या चप्पल काढून कडेला उभ्या राहिल्या. "हे तुम्ही काढलंत?"

"उन्हानं काढलं, बाई. म्या निस्ती रेघ वढली."

रविवारी भिवा आला. ज्योतीराम त्याला म्हणाले, "भिंत घाल, पण मधी ह्या पत्र्याएवढी जागा सोड. ह्यो जाळी म्हणून बसवायचाय."

मी आता भिंतीत आहे. दरवर्षी दिवाळीआधी दुर्गाबाई मला खरवडून लाल रंगाचा हात देतात. गंज वाढला तर माझी भोकं एकमेकांत मिसळतील आणि अंगणात नुसता ढोबळ उजेड सांडेल, हे त्यांना ठाऊक आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं फुटकं, उरलेलं, गंजकं काही असेल. टाकून देण्याआधी एकदा उन्हात नेऊन त्याची सावली बघा, आणि त्याला थोडं जपा. सूर्याकडे मात्र कधीही उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

परवाच चारुलताबाईंची एक विद्यार्थिनी, पद्मा, अंगणात बसून चित्र काढत होती. तिनं विचारलं, "मावशी, ढग आडवा आला की सगळे ठिपके एकदम का नाही विझत? एका कडेनं का विझतात?"

दुर्गाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मला न्हाई ठावं गं," त्या म्हणाल्या, "सरक जरा, बसू दे. ढग यिऊ दे, मंग दोघी मिळून बघू."