अक्काला मारण्याचं प्रकरण

कादंबरीकार हा आपल्या सृष्टीचा एकमेव स्वामी असतो. कोणी जगावं, कोणी मरावं, हे तो आणि त्याची प्रेरणा, दोघंच ठरवतात. धुळ्याचे कादंबरीकार प्रेमराज पाटील हे वाक्य दर व्याख्यानात म्हणत. त्यांची प्रेरणा दोंडाईच्याला राहत असे, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

प्रेरणा म्हणजे त्यांची थोरली बहीण, सुंदरबाई. अक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. नवी कादंबरी तिच्यावर बेतलेली होती. तीन वर्षं प्रेमराज रोज सकाळी मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनवर कागद ठेवून उभ्यानं लिहीत होते. मुलाखतीत ते "मी उभ्यानंच लिहितो" एवढंच सांगत. घरात दुसरी रिकामी जागा नाही, हे विचारलं तर सांगितलं असतं. मशीन चालू असलं की अक्षर थरथरायचं, म्हणून बायकोनं, दीपमालानं, कपडे दुपारी धुवायचं मान्य केलं होतं. साहित्यासाठी तिचा एवढा त्याग होता.

सगळी कादंबरी शेवटच्या प्रकरणासाठी लिहिली होती. त्यात नायिका सत्तराव्या वर्षी सोनगीरच्या किल्ल्यावर एकटी चढून जाते. वर जाऊन ती काय बघते हे प्रेमराजना अजून ठाऊक नव्हतं, पण समीक्षक सांगतील असा भरवसा होता.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. धुळ्याला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती.

"प्रेमराज, मी गच्चीवर बिबडे-पापड वाळत घाली राहिंती, तं मना डोकावर कावळा बठना. आते मी टेबलवर निजाव नही."

डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाची वर्दी. त्यावर उपाय एकच: माणूस मेल्याची खोटी खबर नातेवाइकांना पाठवायची. ते खरोखर रडले की मरण टळतं. पूर्वी त्यासाठी पोस्टकार्ड पुरत असे. अक्काच्या सुनेनं, पुनमनं, या वेळी जळगावच्या नणंदेला फोन करून हुंदका दिला. नणंदेनं लगेच व्हिडिओ कॉल लावला. तो अक्कानंच उचलला. कोणी रडलं नाही.

"तुना पुस्तकमा मी शे ना?" अक्का म्हणाली. "तठे मारी टाक माले. वाचनारा रडतीन."

साहित्याचा विषय निघाला की प्रेमराज अहिराणी सोडून प्रमाण मराठीत शिरत. "अक्का, ती तू नाहीस. ते एक पात्र आहे."

"तिना बी गुडघा दुखतस, मना बी दुखतस. तिनी सासू बी तशीच. मीच शे ती."

प्रेमराजनी दीपमालाला सांगितलं, की ही मागणी मान्य केली तर शेवट जाईल आणि कादंबरीला अर्थच उरणार नाही.

"आणि नाही केली तर अक्काचे डोळे जातील," दीपमाला म्हणाली. "किल्ला नंतर बघा. पण रडवायचं जमेल का तुम्हाला? पहिल्या कादंबरीत अख्खं गाव दुष्काळात मारलं होतंत. माझ्या आईनं ती जेवता जेवता वाचली."

पहिल्या खर्ड्यात प्रेमराजनी नायिकेला हृदयविकारानं मारलं. रविवारी दोंडाईच्याला जाऊन तो मोठ्यानं वाचला. पुनम मधेच दूध बघायला उठली.

"चार ओळीमा मारी टाकं माले?" अक्का म्हणाली. "कुत्रं मरस तं त्यानं बी जास्ती सांगतस लोके."

त्यांनी पुन्हा लिहिलं. या वेळी अर्थाकडे बघितलं नाही. लहानपणी अक्का भाकरी कशी टाकायची, सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशीच बसून उरलेला तुकडा कशी खायची, आणि कोणी विचारलं तर "मी जेवी लिन्हं" म्हणायची, तेवढं लिहिलं. शेवटी चूल विझली होती आणि तुकडा तसाच होता. किल्ला पायथ्यापासूनच रद्द झाला.

पुढच्या रविवारी ते वाचताना पुनम उठली नाही. या वेळी सोबत आलेल्या दीपमालानं पदर डोळ्याला लावला. खुद्द लेखकाला शेवटचा परिच्छेद पुरा करता येईना.

समोर बसलेल्या अक्काला यातलं काहीच दिसत नव्हतं. "वाचनं कसं थांबनं? कोन रडी राहिनं?"

"बठ्ठा, सगळा जन," पुनम म्हणाली.

"मंग ठीक शे," अक्का म्हणाली, आणि ऑपरेशनला कोणतं लुगडं नेसायचं ते विचारू लागली.

जळगावच्या प्रकाशकाला नवा शेवट पसंत पडला. पुस्तक छापायला गेलं, त्याच आठवड्यात अक्काच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं. ती विश्रांतीला धुळ्यालाच राहिली.

पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला साहित्याची जागा बघायची होती. प्रेमराज तिला धरून गॅलरीत घेऊन गेले. दार उघडताच वॉशिंग मशीनवरून काहीतरी फडफडत उठलं, तिच्या केसांना घासून गेलं आणि समोरच्या कठड्यावर जाऊन बसलं.

अक्कानं नव्या डोळ्यानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"हाऊच व्हता तो कावळा," ती म्हणाली.

ते कबूतर होतं.