सेवेचा तास

जेवणं झाली, ताटं उचलली गेली, टेबल पुसलं गेलं, आणि त्या ओलसर टेबलावर सरांनी प्राचीन शिक्षणपद्धतीचं पुनरुज्जीवन केलं.

सर म्हणजे या घरातले आजोबा. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना फार प्रेमानं निरोप दिला होता. भाषणांवर भाषणं झाली, पण 'अधूनमधून येत जा' असं एकाही वक्त्याच्या तोंडून निघालं नाही. तेव्हापासून शिकवायला कुणी उरलं नसल्यामुळे ते घरच्यांना शिकवत. मुलगे त्यांना सर म्हणत, सुना सर म्हणत, आणि उभा जन्म त्यांच्याबरोबर काढलेली बायकोही "सर, गोळी घेतली का?" असंच विचारी. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा पत्ता तिनं कधी कुणाला लागू दिला नाही.

"हल्ली शाळेत काय करतात? रंगीत कागद कापतात," सर म्हणाले. "आपल्या घरातली मुलं कागद कापणार नाहीत. आधी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व! हजारो वर्षं माणसं अशीच शहाणी झाली."

तिसऱ्या पायरीवर सर स्वतः जन्मापासून होते. दुसरी पायरी त्या घरात कुणाला चढू दिलेली नव्हती.

"लिहून घे," ते थोरल्या सुनेला म्हणाले.

थोरलीनं कागद पुढे ओढला. लग्नाआधी ती प्राथमिक शाळेत शिकवायची. शिक्षणशास्त्राची पदविका होती, वर्गात हातखंडा होता. लग्न झाल्यावर 'घरात काय शाळेपेक्षा कमी माणसं आहेत?' असा विनोद झाला, सगळे हसले, आणि तिची नोकरी त्या हशात सुटली. आज इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला विचारत होतं, की शब्दांच्या जाती आधी घ्यायच्या की वाक्याचे भाग. तिचे कान तापले. तिनं पट्टी घेऊन रेघा मारल्या. भाषा, गणित, भूमिती, इतिहास, निसर्ग, प्राचीन भाषा, पाठांतर. तिच्या अक्षराला तोड नव्हती.

वर तीन नावं आली. पहिलं धाकट्या जावेच्या मुलाचं. चष्म्यामुळे त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. दुसरं तिच्या स्वतःच्या मुलाचं, टिल्लूचं. तिसरं तिच्या मुलीचं. ती तिघांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. ताई चौथीत होती आणि शाळेत तिचं उत्तम चाललं होतं. सहामाही संपली की तिघांचीही शाळा बंद, असं ठरलं.

"सगळं छान आहे सर," धाकटी म्हणाली, "पण बाळाचं काय? मी बँकेत. आईंचे गुडघे असे. आणि वहिनी तुमच्याबरोबर शिकवणार, शिवाय स्वयंपाक."

बाळ म्हणजे धाकटीचं शेंडेफळ. नुकतंच रांगायला लागलेलं, त्यामुळे जमिनीवरची कुठलीही वस्तू स्वतःची समजणारं. आजवर ते थोरलीच्या कडेवर असे.

"पहिला तास ताई बघेल," सर म्हणाले. "एका तासानं काय होतंय? आणि खरं म्हणजे हाही विषयच आहे. सेवा! प्राचीन काळी विद्यार्थी आधी सेवा करायचा, मग शिकायचा. आपण करंट्यांनी तो विषयच टाकून दिला. लिही. सेवा."

"तिघांनाही लिहू?" थोरलीनं विचारलं.

"कल पाहून," सर म्हणाले.

थोरलीनं एका रकान्यात 'सेवा' लिहिलं. फार सुंदर लिहिलं.

घरची शाळा सुरू झाली. पहिला तास गणिताचा होता. तो बुडाला तरी चालेल, ताईचं गणित पक्कं आहे, असं सर्वांचं मत पडलं. हुशार असल्याची शिक्षा इतक्या गोड शब्दांत क्वचितच कुणाला झाली असेल. मग असं दिसून आलं, की भूमितीच्या वेळी बाळ कंपास तोंडात घालतं. ताईनं त्याला बाहेर नेलं. प्राचीन भाषेला अखंड एकाग्रता लागते आणि बाळाच्या रडण्यात खंड पडत नाही, हेही लवकरच कळलं. काही दिवस ताई दारात उभी राहून, कडेवर त्याला झुलवत, धातूंची रूपं म्हणायची. ती ऐकून बाळाला गाढ झोप लागे. त्या भाषेचा सिद्ध झालेला तेवढा एकच उपयोग. पण झुलवता झुलवता ताई चुकायची, ती चुकली की टिल्लू चुकायचा, आणि टिल्लूनं चुकून चालण्यासारखं नव्हतं.

"सूनबाई, जरा बदल करावा लागेल," सर म्हणायचे.

थोरली नवा कागद घ्यायची, नव्या रेघा मारायची. प्रत्येक बदल अगदी वाजवी असायचा. घरात आरडाओरडा नव्हता, मारझोड नव्हती, 'मुलीला कशाला शिकवायचं' असलं जुनाट वाक्य तर त्या सुशिक्षित घरात कुणाच्या जिभेवर आलं नसतं. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत, "आमच्याकडे मुलगा-मुलगी भेद नाही, तिघं एकत्र शिकतात." आणि तिघं एकत्रच असत. दोघं टेबलापाशी, एक दारात.

एकदा थोरलीनं नवऱ्याजवळ विषय काढला. "ताईचं मागे पडतंय हो."

"अगं, घरातच आहे ती. कानावर तर पडतंय ना?" तो म्हणाला. तो मनानं चांगला होता. त्या घरात सगळेच मनानं चांगले होते, आणि दाद मागायची तर कुणाविरुद्ध, ही तिथली खरी अडचण होती.

वर्ष होत आलं तेव्हा सरांनी आपले स्नेही, एक निवृत्त शिक्षणाधिकारी, मुलांची परीक्षा घ्यायला बोलावले. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. धाकटीनं रजा घेतली. प्रोफेसरनं राजघराण्यांची वंशावळ न थांबता म्हटली. टिल्लूनं 'सूर्य श्रेष्ठ की दिवा' यावर दोन्ही बाजूंनी भाषण केलं आणि मधेच कुठल्या बाजूला आहोत ते विसरला. अधिकारी म्हणाले, "वा! हा मंत्री होणार." सर बसल्या जागी दोन इंच उंच झाले.

मग अधिकाऱ्यांची नजर दाराकडे गेली. ते सज्जन होते, मुलीला वगळणं त्यांना बरं दिसेना.

"ये, ये बेटा. तुलाही एक सोपंसं विचारतो. साडेतीनातून पावणेदोन गेले, तर राहिले किती?"

ताई पुढे आली. बाळ तिच्या खांद्यावर लाळ गाळत होतं. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ओठ हलवायला लागली. थोरली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. असली गणितं ही मुलगी शाळेत असताना वेणी घालता घालता सोडवायची. 'आई, आणखी एक घाल, अवघड घाल' म्हणून भंडावून सोडायची.

"दोन?" ताई म्हणाली.

"पावणेदोन!" प्रोफेसर ओरडला.

"कापून घे, पाव तुकडा जास्त झाला तुझा," अधिकारी म्हणाले, आणि खोली हसली. वाईट हसली नाही, मायेनं हसली. धाकटी म्हणाली, "आमच्या ताईला बाळ सांभाळायला सांगा, नंबर पहिला!" सर म्हणाले, "प्रत्येकाचा कल असतो हो. हिचा कल सेवेकडे. सगळ्यांचीच डोकी काही गणिताची नसतात."

आणि ताईही हसली. ओशाळून नाही, तर अगदी पटल्यासारखी. 'हो ना, मला कुठलं येतंय!' अशी.

थोरलीच्या हातातला ट्रे पडला वगैरे नाही. तिनं तो नीट टेबलावर ठेवला.

"सर, तो कल नाही," ती म्हणाली. "ते वेळापत्रक आहे. मी आखलेलं."

"काय?"

"हिचं गणित मी पहिल्या तासाला काढून घेतलं. मग भूमिती काढली, मग भाषा. प्रत्येक वेळी पट्टी लावून काढली. आणि आता आपण सगळे मिळून म्हणतोय की हिला डोकं नाही."

"अगं, पाहुण्यांसमोर काय हे?" नवरा कुजबुजला.

"पाहुण्यांसमोरच ती हसली ना."

"एवढं काय आभाळ कोसळलंय वहिनी?" धाकटीचा आवाज चढला. "घरातलंच बाळ आहे, परक्याचं नाही. मी नोकरी सोडून बसू का?"

"नको. तू तर मुळीच सोडू नकोस. एकीनं सोडली तेवढी पुरे." थोरलीनं ताईच्या कडेवरचं बाळ घेतलं आणि सरांच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारपासून ताई शाळेत जाईल. तिच्या शाळेत."

"मी तुला या घराचा अभ्यासक्रम करायला दिला," सर म्हणाले, "आणि तू मला त्याचा पाठ शिकवतेस?"

"तर्काचा तास आहे असं समजा," दारातून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई होत्या. त्या तेवढंच बोलल्या आणि गुडघे धरत आत गेल्या.

नवऱ्यानं समजावून पाहिलं, मग रुसून पाहिलं. थोरली ऐकून घेई आणि सकाळी मुलीची वेणी घाली. शाळेतल्या बाईंनी ताईची चाचणी घेतली आणि खालच्या वर्गात बसावं लागेल असं सांगितलं. थोरलीनं मान हलवली. ताई मात्र रडली. "टिल्लू तर माझ्या पुढे जाईल! मला नाही यायचं. बाळ माझ्याशिवाय राहत नाही," असं म्हणत तिनं फाटकाच्या गजाला मिठी मारली. तिची बोटं एकेक करून सोडवताना थोरलीला वाटलं, की या जगात आपल्याइतकी दुष्ट आई नसेल. आणि दुष्टपणा आजचा नाही, हेही वाटलं.

इकडे सरांच्या विद्यालयात सेवेचा तास रिकामा झाला. तो मुलांना द्यावा असं सासूबाईंनी सुचवून पाहिलं. सरांनी विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं, की मूळ प्राचीन अभ्यासक्रमात हा विषय नंतर कुणीतरी घुसडलेला असावा. तो त्यांनी रद्द केला. दोन दिवस त्यांनी स्वतः बाळाला कडेवर घेऊन तर्कशास्त्र शिकवलं. तिसऱ्या दिवशी धाकटीनं बाळाला पाळणाघरात घातलं. पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. ताई जन्मायच्या आधीपासून होतं. त्याच्यावरून घरातले सगळे रोज ये-जा करत.

त्या आठवड्यात थोरली रोज मुलीला सोडून थोडा वेळ वर्गाच्या खिडकीशी थांबायची. ताई शेवटच्या बाकावर, आपल्याहून लहान मुलांत, खांदे पाडून बसलेली दिसे. एका सकाळी फळ्यावर बेरजा होत्या. मुलं वहीत माना घालून बसली होती.

बाजूला बालवर्ग होता. तिथलं एक पोर एकदम भोकाड पसरून रडायला लागलं.

वर्गातल्या एकाही मुलानं मान वर केली नाही. ताई उठली. पेन्सिल खाली ठेवली, बाकाच्या बाहेर आली, आणि कुणाला काही न विचारता दाराकडे चालू लागली.

"कुठे निघालीस गं?" बाईंनी विचारलं.

"बाळ रडतंय."

"रडू दे. त्याच्याकडे बघणारं माणूस आहे तिथं. तू बस."

ताई बाईंकडे बघत राहिली. तिला वाक्य कळलं नसावं. बाई तिच्याजवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला वळवलं, आणि पुन्हा म्हणाल्या, "तू बस."

ती बसली. पेन्सिल हातात घेतली. पण पोराचं रडणं थांबेपर्यंत तिची नजर दारावरून हटली नाही, आणि पाय बाकाबाहेरच होते. थोरली खिडकीशी उभी होती. आज घरी स्वयंपाकाला उशीर होणार होता. होऊ दे, ती मनाशी म्हणाली, आणि ते पाय आत जाईपर्यंत तिथून हलली नाही.